पेरिडॉट: ओळखायचा कसा आणि तो येतो कुठून

हिरवा, पारदर्शक खडा हातात पडला की नवखा माणूस आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो. पाचू, टुर्मलीन, डायोप्साइड, हिरवा झिर्कॉन, गार्नेटचे दोन-तीन प्रकार आणि साधी बाटलीची काच हे सगळे पेरिडॉटच्या रंगाच्या आसपास येऊ शकतात. खरं तर रत्नांमध्ये पेरिडॉट हा ओळखायला सोप्या खड्यांपैकी एक आहे, फक्त त्याची ओळख रंगात नाही. ती खड्याच्या आत, मागच्या पैलूंच्या कडांमध्ये आहे. दहापट भिंग आणि थोडा सराव असेल तर निम्मं काम घरच्या टेबलावर होतं.

त्याचा उगम शोधणं मात्र वेगळं प्रकरण आहे. तो भाग शेवटाकडे घेतला आहे, आणि त्यात भिंगाच्या भरवशावर राहता येत नाही.

१. आधी हा दगड काय आहे ते समजून घ्या

पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हीन या खनिजाचा रत्न म्हणून वापरण्याजोगा, स्वच्छ हिरवा प्रकार. ऑलिव्हीन हे मॅग्नेशियम आणि लोह यांचं सिलिकेट. एका टोकाला शुद्ध मॅग्नेशियमचं फॉर्स्टेराइट, दुसऱ्या टोकाला शुद्ध लोहाचं फायालाइट, आणि मधे दोघांचं कुठलंही प्रमाण. पेरिडॉट फॉर्स्टेराइटच्या टोकाजवळ असतो. त्यात मॅग्नेशियमच्या साधारण दर दहा जागांपैकी एक जागा लोहाने घेतलेली असते.

हे लोहच त्याला हिरवं करतं. पाचूत रंग येतो तो बाहेरून शिरलेल्या क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे. ते नसेल तर तोच दगड रंगहीन राहतो. पेरिडॉटचा रंग त्याच्या मूळ घडणीतच असल्यामुळे तो फक्त हिरव्या छटांतच मिळतो: पिवळसर हिरवा, गवती, ऑलिव्ह, तपकिरीकडे झुकणारा. लोह वाढत गेलं की रंग मळकट, तपकिरी होत जातो. निळसर हिरव्या रंगाचा खडा पेरिडॉट म्हणून पुढे आला तर तिथेच शंका घ्या.

लक्षात ठेवण्याचे आकडे हे:

- कठिनता (ओरखडा सोसण्याची ताकद; हिऱ्याची १० असलेल्या मोह मापक्रमावर): ६.५ ते ७
- सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या किती पट जड: ३.३४ च्या आसपास
- अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप: १.६५४ ते १.६९०
- द्विअपवर्तन, म्हणजे या दोन टोकांमधला फरक: ०.०३६
- स्फटिकप्रणाली: समचतुर्भुजी, त्यामुळे दोन प्रकाशीय अक्ष, म्हणजे प्रकाश न फुटता जातो अशा दोन दिशा
- अतिनील दिव्याखाली: काहीही चमक नाही

यातला चौथा आकडा सगळ्यात कामाचा.

२. साहित्य जमवा

किमान लागतं ते दहापट मोठं दाखवणारं भिंग, रत्नांचा चिमटा, पांढऱ्या प्रकाशाची छोटी विजेरी, पांढरा कागद आणि मऊ सुती कापड. भिंग घेताना कडेला रंगीत झालर दाखवणारं घेऊ नका. तीन काचा जोडून केलेलं भिंग सरळ, स्वच्छ दाखवतं.

दुसऱ्या टप्प्याला ०.०१ कॅरेटपर्यंत (एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम) वजन दाखवणारा काटा, काचेचा छोटा पेला आणि बारीक तारेची टोपली लागेल. अपवर्तनमापी (अपवर्तनांक मोजणारं उपकरण) आणि हातात मावणारा वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारी नळी) असले तर उत्तम, पण सुरुवातीलाच विकत घ्यायची घाई नको. खड्यासोबत प्रयोगशाळेचा अहवाल आला असेल तर तो आणि जुनी पावती जवळ ठेवा. त्यातली वजनं आणि मापं पुढे पडताळायला लागतात.

३. मागच्या कडा दुहेरी दिसतात का ते पाहा

खडा कापडाने स्वच्छ पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर निरीक्षण वाया जातं. चिमट्याने त्याचा कंबरपट्टा, म्हणजे सगळ्यात रुंद भागाची कड, धरा, माथ्यावरचा सपाट पैलू स्वतःकडे करा आणि भिंग डोळ्याच्या अगदी जवळ आणून खडा त्या भिंगाकडे न्या. नवखे लोक भिंग खड्याजवळ धरून डोळा लांब ठेवतात, मग हात हलला की सगळंच हलतं.

आता नजर वरच्या पृष्ठभागावर न ठेवता खड्यातून आरपार तळाच्या पैलूंवर स्थिर करा. पेरिडॉट असेल तर तिथल्या कडा एकेरी दिसणार नाहीत. एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन समांतर रेषा दिसतील, आगगाडीच्या रुळांसारख्या. आत एखादा बारीक ठिपका असेल तर तोही जोडीने दिसतो. दगडात शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो आणि दोघे वेगवेगळ्या वेगाने जातात म्हणून असं होतं. ०.०३६ हा फरक इतका मोठा आहे की मध्यम आकाराच्या खड्यात तो दहापट भिंगातून सहज जाणवतो.

तीन ठिकाणी चूक होते.

पहिली, एकाच दिशेने बघणं. प्रकाशीय अक्षाच्या दिशेने पाहिलं तर दुहेरीपणा नाहीसा होतो, आणि पेरिडॉटला असे दोन अक्ष आहेत. म्हणून माथ्यावरून, तिरकं आणि कंबरेच्या बाजूने अशा निदान तीन दिशांनी बघा. एका दिशेने कडा एकेरी दिसल्या म्हणून खडा बाद करू नका.

दुसरी, धूसर कडेला दुहेरी समजणं. भिंगाची नाभी (फोकस) नीट जुळली नाही की कुठलीही कड जाड, विसविशीत दिसते. दुहेरी कडेच्या दोन्ही रेषा स्वतंत्रपणे रेखीव असतात आणि मधे मोकळी जागा दिसते.

तिसरी, पैलूंची प्रतिबिंबं. ती खडा जरा फिरवला की उडी मारून जागा बदलतात, दुहेरी कड मात्र सोबतच सरकते.

खडा एक कॅरेटच्या खाली असेल तर रेषांमधलं अंतर फारच कमी पडतं. जाडी कमी, म्हणजे फुटलेल्या किरणांना एकमेकांपासून लांब जायला वाटच कमी. अशा वेळी कंबरेच्या बाजूने, म्हणजे जास्तीत जास्त लांबीतून बघा.

काच, स्पिनेल आणि गार्नेट या परीक्षेत लगेच गळतात, कारण त्यांत प्रकाश फुटतच नाही. काचेत याशिवाय गोल बुडबुडे, पाकासारख्या वळणदार रेघा आणि घासून बोथट झालेल्या पैलूंच्या कडा दिसतात.

४. घनता काढा

कोंदणात बसवलेल्या खड्याला ही परीक्षा लागू नाही, सुटाच हवा. कोरड्या खड्याचं हवेतलं वजन घ्या. मग तारेची टोपली काट्याला अशी लावा की ती पाण्यात पूर्ण बुडेल आणि पेल्याचा भार काट्यावर येणार नाही. टोपली पाण्यात असतानाच काटा शून्यावर आणा, खडा टोपलीत ठेवा आणि पुन्हा वजन घ्या. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीने भागलं की घनता मिळाली.

उदाहरणार्थ, हवेत ५.०० कॅरेट आणि पाण्यात ३.५० कॅरेट. घट १.५० कॅरेट, ५ भागिले १.५ म्हणजे ३.३३. पेरिडॉटशी जुळतं.

लहान खड्यात हीच रीत दगा देते. एक कॅरेटच्या खड्यात घट फक्त ०.३० कॅरेट असते. काट्याने ०.०१ कॅरेट इकडेतिकडे केलं तर उत्तर ३.२३ ते ३.४५ च्या दरम्यान कुठेही पडतं, आणि त्या पट्ट्यात डायोप्साइडही बसतं. पाच कॅरेटच्या खड्यात तेवढ्याच चुकीने उत्तर ३.३१ ते ३.३६ मधेच राहतं. ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळं दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा तर एका कॅरेटसाठी निरुपयोगीच: ०.०६ ग्रॅमची घट तो ०.०५ दाखवेल किंवा ०.०७, आणि घनता ४.० येईल किंवा २.८६.

खड्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडा घनता खाली ओढतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, पाणी आधी उकळून गार केलेलं वापरा आणि खडा टोपलीत ठेवण्यापूर्वी ओला करा. तीनदा मोजून मधला आकडा धरा.

जड द्रवात खडा बुडवून घनता अजमावायची जुनी पद्धत आहे. डायआयोडोमिथेनची घनता ३.३२ असल्याने पेरिडॉट त्यात अगदी संथपणे खाली जातो. पण तो द्रव विषारी आहे, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

५. अपवर्तनांक आणि वर्णपट

अपवर्तनमापीच्या काचेवर संपर्कद्रवाचा (खडा आणि काच यांमधली हवा काढणाऱ्या द्रवाचा) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरे. जास्त झाला तर खडा तरंगतो आणि सावलीची कड पुसट येते. सपाट पैलू खाली ठेवा आणि खडा थोडा थोडा करत १८० अंशांत फिरवा. दोन सावल्या दिसतील आणि दोन्ही सरकतील. खालची सगळ्यात खाली १.६५४ च्या आसपास जाते, वरची सगळ्यात वर १.६९० च्या आसपास. दोन्ही टोकांतला फरक ०.०३५ ते ०.०३८ आला की जवळपास निकाल लागला. फिरवण्याचा कंटाळा केला तर फरक कमी भरतो आणि तुम्ही भलत्याच खनिजाचं नाव लिहून मोकळे होता.

वर्णपटदर्शकातून निळ्या भागात तीन काळे पट्टे दिसतात, साधारण ४५३, ४७७ आणि ४९७ नॅनोमीटरला. हे लोहाचे पट्टे. विजेरीचा झोत खड्याखालून आरपार सोडा. फिकट किंवा लहान खड्यात पट्टे इतके अस्पष्ट असतात की सवय नसलेल्या डोळ्याला दिसतच नाहीत, तेव्हा ते न दिसणं हा पुरावा मानू नका.

६. सारखे दिसणारे खडे वेगळे काढा

पाचूचा अपवर्तनांक १.५८ च्या आसपास आणि घनता २.७२. मोजमाप केलंत तर गोंधळ होणारच नाही. हिरव्या टुर्मलीनचा अपवर्तनांक १.६२४ ते १.६४४, फरक ०.०२० आणि घनता ३.०६. दुहेरी कडा त्यातही दिसतात, पण पेरिडॉटइतक्या फाकलेल्या नाहीत. हिरव्या झिर्कॉनमध्ये उलट त्या याहूनही फाकू शकतात आणि त्याचा अपवर्तनांक नेहमीच्या अपवर्तनमापीच्या मोजपट्टीबाहेर जातो. डिमँटॉइड या हिरव्या गार्नेटचंही तसंच, मोजपट्टीबाहेर, पण कडा एकेरी. मोल्डाव्हाइट ही उल्कापाताच्या आघातातून बनलेली नैसर्गिक काच, घनता जेमतेम २.३६. हातात घेतल्यावरच हलकी लागते.

खरी डोकेदुखी डायोप्साइड आणि सिंहलाइटची.

डायोप्साइडचा अपवर्तनांक १.६७५ ते १.७०१ आणि घनता ३.२९. पेरिडॉटशी दोन्ही आकडे घासून जातात. इथे फरक बघा: डायोप्साइडमध्ये तो ०.०२४ ते ०.०३०, म्हणजे पेरिडॉटपेक्षा स्पष्ट कमी. शिवाय क्रोमयुक्त डायोप्साइडचा हिरवा रंग गडद, जंगली असतो, पिवळी झाक कमी.

सिंहलाइट तपकिरी असतो, आणि १९५२ पर्यंत त्याला तपकिरी पेरिडॉटच समजत होते. त्या वर्षी ते वेगळं खनिज ठरलं, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं बोरेट. त्याचं द्विअपवर्तन पेरिडॉटइतकंच, म्हणून भिंग इथे काहीच सांगत नाही. घनता सांगते: ३.४८. वर्णपटात पेरिडॉटच्या तीन पट्ट्यांखेरीज ४६३ नॅनोमीटरजवळ एक जास्तीचा पट्टा असतो. जुन्या दागिन्यात तपकिरी ‘पेरिडॉट’ दिसला की हे आठवा.

नावांचाही घोळ आहे. ‘क्रायसोलाइट’ हे जुनं नाव कित्येक पिवळसर हिरव्या खड्यांना लावलं गेलं आहे. ‘ऑलिव्हीन’ या नावाने एकेकाळी डिमँटॉइड गार्नेट विकलं जाई. ‘संध्याकाळचा पाचू’ हे तर नुसतं व्यापारी लाडाचं नाव. चिठ्ठीवरचं नाव बाजूला ठेवून आकडे मागा.

७. आत काय आहे ते वाचा

पेरिडॉटची ओळखीची खूण म्हणजे कमळाच्या पानासारखी दिसणारी चकती. मधोमध क्रोमाइट या क्रोमियमयुक्त खनिजाचा काळा कण आणि त्याच्याभोवती ताणामुळे पडलेली गोल, चकाकती भेग. विजेरी बाजूने धरून खडा सावकाश फिरवलात तर ती एका क्षणी आरशासारखी लखकन चमकते आणि पुढच्या क्षणी गायब होते. अशी भेग कंबरेजवळ किंवा पृष्ठभागापर्यंत आलेली असेल तर कोंदणात बसवताना खडा तिथेच फुटण्याचा धोका असतो. ती आत खोलवर असेल तर चालतं.

पेरिडॉटवर सहसा प्रक्रिया होत नाही, मात्र पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगांत तेल किंवा राळ भरलेली सापडू शकते. भेगेत चपटे बुडबुडे किंवा निळसर-नारिंगी झळक दिसली तर तसा संशय घ्या. जुन्या बंद कोंदणात खड्यामागे हिरवी चकाकती पन्नी घातलेली असू शकते. पाठीमागून उघडं असेल तरच रंगाबद्दल मत द्या.

८. उगम: खडा कुठून आला

पृथ्वीच्या कवचाखाली असलेल्या प्रावरणाचा वरचा भाग, सुमारे ४१० किलोमीटर खोलीपर्यंत, मुख्यत्वे ऑलिव्हीनचाच आहे. म्हणजे खनिज अजिबात दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते स्वच्छ, मोठ्या तुकड्यात वर येणं. पृष्ठभागाजवळ पाणी लागलं की ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन किंवा इतर मऊ खनिजांत रूपांतर होऊ लागतं. वर येण्याचे मार्ग दोन.

पहिला ज्वालामुखीचा. बेसाल्टी लाव्हा वर येताना प्रावरणातल्या पेरिडोटाइट या ऑलिव्हीनने भरलेल्या खडकाचे गोळे खेचून आणतो. प्रवास झपाट्याने होतो, म्हणून दाणे टिकतात, पण ते लहान आणि तडकलेले असतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सॅन कार्लोस अपाचे जमातीच्या राखीव प्रदेशातला पेरिडॉट मेसा हा अशाच बेसाल्टचा आहे आणि खाणकामाचा हक्क त्या जमातीकडेच आहे. चीनमधल्या हपै आणि चीलिन प्रांतांतले साठे आणि व्हिएतनाममधले खडेही याच घराण्यातले. हवाई बेटांवरच्या पापाकोलेआ किनाऱ्याची हिरवी वाळू म्हणजे असेच ऑलिव्हीनचे कण. पैलू पाडण्याजोगे नव्हेत, पण खनिज तेच.

दुसऱ्या मार्गात प्रावरणाचा मोठा तुकडाच भूपट्टांच्या हालचालीत वर ढकलला जातो आणि त्याच्या भेगांत गरम द्रवांतून मोठे स्फटिक वाढतात. सगळ्यात जुनी प्रसिद्ध खाण यातलीच: इजिप्तच्या दक्षिण किनाऱ्यापुढे तांबड्या समुद्रातलं झबरगद बेट, ज्याला सेंट जॉन बेटही म्हणतात. प्राचीन काळी त्याचं नाव टोपाझोस होतं. त्या काळचा ‘टोपाझ’ म्हणजे बहुधा आजचा पेरिडॉट, पुष्कराज नव्हे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला ३१० कॅरेटच्या आसपासचा पैलूदार पेरिडॉट याच बेटावरचा. म्यानमारमध्ये मोगोकच्या उत्तरेला बर्नार्डम्यो परिसरात मोठे, गडद खडे मिळतात. पाकिस्तानात कोहिस्तानमधल्या सपात भागातला साठा १९९० च्या दशकात बाजारात आला. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच, त्यामुळे बर्फ वितळल्यानंतरच तिथे काम करता येतं. तिथल्या काही खड्यांत ल्युडविगाइट गटातल्या बोरेट खनिजाच्या बारीक काळ्या सुया दिसतात.

आणि एक पेरिडॉट आकाशातून येतो. पॅलासाइट जातीच्या उल्कांमध्ये लोह-निकेलच्या जाळीत ऑलिव्हीनचे स्फटिक अडकलेले असतात. अठराव्या शतकात सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कजवळच्या अशा दगडाचं वर्णन करणाऱ्या पीटर सायमन पॅलासवरून हे नाव पडलं. अर्जेंटिनात १९५१ साली सापडलेल्या एस्केल उल्केतून कापलेले खडे संग्राहकांकडे आहेत, पण लहान.

सापळा इथे आहे. रंग आणि आकारावरून ‘हा बर्मी’, ‘हा कोहिस्तानी’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काळ्या सुया दिसल्या तर कोहिस्तानकडे बोट दाखवता येतं, कमळपान दिसलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, ते बऱ्याच ठिकाणच्या खड्यांत असतं. उगमाचं मत प्रयोगशाळा सूक्ष्म मूलद्रव्यांवरून देते. उल्केतल्या पेरिडॉटला हे फार उपयोगी पडतं: पृथ्वीवरच्या पेरिडॉटमध्ये निकेल ठळक प्रमाणात असतं, पॅलासाइटमधल्यात अत्यल्प, कारण तिथलं निकेल भोवतीच्या धातूने ओढून घेतलेलं असतं.

९. अहवाल असेल तर पडताळा

खनिज ऑलिव्हीन, प्रकार पेरिडॉट, रंग नैसर्गिक, प्रक्रियेबद्दलचा शेरा, आणि उगम दिला असेल तर तो ‘मत’ म्हणून दिला आहे का, एवढं वाचा. मग खडा स्वतः तोला आणि मिलिमीटरमध्ये मापा. वजन दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळलं पाहिजे. खऱ्या अहवालासोबत दुसराच खडा ही जुनी युक्ती आहे.

१०. खडा सांभाळा

कठिनता ६.५ ते ७ म्हणजे हवेतल्या धुळीतले क्वार्ट्झचे कण त्याला ओरखडे पाडू शकतात. धूळ बसलेला खडा कोरडाच घासू नका, आधी पाण्याखाली धरा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. ध्वनिलहरींनी दागिने साफ करणारं यंत्र आणि वाफ दोन्ही वर्ज्य. कमळपानाच्या भेगा त्यातच वाढतात.

आम्लांशी पेरिडॉटचं वैर आहे. गंधकाम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल त्याचा पृष्ठभाग खातात. झाळ दिल्यावर धातू स्वच्छ करायला वापरतात ते आम्लाचं द्रावणही तसंच. वर अचानक तापणं-गार होणं त्याला सोसत नाही. अंगठीची दुरुस्ती करायला देताना खडा आधी काढून घ्यायला सांगा, आणि ‘पेरिडॉट आहे, आम्लात बुडवू नका’ असं चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कामाच्या गर्दीत विसरलं जातं. परत आल्यावर भिंगाखाली माथ्यावरचा पैलू बघा: चकाकी जाऊन तो दुधाळ, खडबडीत झाला असेल तर आम्ल लागलं आहे, आणि ते नुसत्या पुसण्याने जात नाही, पैलू पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो.